आठ

संध्याकाळी सहाला मासळीची पाटी उपडी घालते,
हातांना लिंबू चोळते (वास जात नाही, तो जाणारही नाही)
आणि वाकामच्या मशिदीखालच्या वाळूवर उतरते.
बावन्न वर्षांची, रक्तात साखर,
कमरेच्या फुलाफुलांच्या कापडावर
नवऱ्याची जुनी फुटबॉलची जर्सी.

तिथे शंभरेक पोरं.
कुणी टायर ओढतंय,
कुणी मित्राला पाठुंगळी घेऊन चढण चढतंय,
समुद्राकडे तोंड करून आकडे ओरडताहेत:
तीस! चाळीस! पन्नास!
मला वाटलं, इथला भाव हाच असणार,
ओरडेल त्याचा माल खपतो.

म्हणून पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारल्या.
मालाल बघत होता. एके काळचा पैलवान,
डावा कान पिळून टाकलेल्या फडक्यासारखा.
म्हणाला, "बिनेता, पन्नास झाल्या खऱ्या.
त्यातल्या तू किती मारल्यास
आणि तुझ्या घाईनं किती?"

मला राग आला.
एकवीस वर्षं सुंबेदियूनच्या बाजारात बसते मी,
मापात पाप केलं नाही कधी.

"मग आठच कर," तो म्हणाला.
"खाली जाताना चार मोज.
तळाला थांब,
थिओफच्या डोळ्यात बघून
ताजा की कालचा, हे ठरवायला तुला लागतो तितका वेळ.
मग टाचा रोवून वर ये. न्दांक, न्दांक."
हळू, हळू.

आठ.
अल्ला, आठ!
चौथीपर्यंत मी बिनेता होते.
पाचवीला मांड्या थरथरल्या,
इंजिन चालू झाल्यावर होडीच्या फळ्या थरथरतात तशा.
सहावीला दवाखान्याचा जिना आठवला.
सातवीला मालाल शेजारी उकिडवा बसला:
"आता शरीर खोटं बोलू लागेल.
गुडघा बघ, आत पळतोय. बोलव त्याला बाहेर."
आठवी मी केली की तिनं मला केलं,
कोण जाणे.

"नववी जमली असती," मी धापा टाकत म्हणाले.
"म्हणूनच करायची नाही.
डब्यात मूठभर तांदूळ उरलेला बरा.
आणि उद्या येऊ नकोस."

आले तरी. त्यानं परत पाठवलं.

घरी उंबऱ्यावर गोर्गी जाळं सांधत बसलेला,
तोंडात दोरा, पायाच्या अंगठ्यात ताणलेली जाळी.
त्याला सगळं सांगितलं, हातवारे करून,
पैलवानाची नक्कल करून.
त्यानं मान वर केली नाही.
"फाटतं समुद्रात," म्हणाला,
"पण सांधायचं इथेच, बसून."
तीस वर्षांत हा माणूस शहाणपणाचं एवढंच बोलला,
तेही दोरा तोंडात धरून.
त्या रात्री फोन तांदळाच्या पोत्याखाली दडपला
आणि नऊलाच झोपले.

मध्ये दहा दिवस वाळवंटाची धूळ आली,
समुद्रही दिसेना. खोकत घरी बसले.
परत गेले तेव्हा आठाच्या पाच झाल्या होत्या.
पाच तर पाच. त्या मात्र चोख.

इब्रा म्हणून एक पोरगा आहे, सत्तर मारणारा.
परवा थांबला. "याय, किती झाल्या?"
"तीन."
हसला. मग माझ्याबरोबर उतरला,
माझ्या मोजणीनं, मध्ये थांबत.
दुसरीनंतर त्याचं हसू गेलं,
चौथीला त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मीच त्याला शिळा मासा विकलाय.

आता बारा करते. साखर थोडी उतरलीय,
डॉक्टरीणबाई कागदाकडे दोनदा बघतात.
ते असो.

सांगायचं होतं ते वेगळंच.
गुडघ्यांपायी दोन वर्षं मी
पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नमाज पढत होते.
शुक्रवारी खुर्ची नातीकडे होती,
तिच्यावर उभी राहून ती भिंतीवर काहीतरी गिरवत होती.
मी चटई पसरली.
सजद्यातून उठले,
दुसऱ्यांदा उठले,
आणि लक्षात आलं, हात जमिनीला लागला नाही.

नमाजात असला हिशेब करू नये.
केला.