चुकलेली बोट

सुचतं कुठून, असं विचारतात.
हेल्टरमाच्या धक्क्यावर, तिकिटांच्या खिडकीमागे
एकोणीस वर्षं बसले आहे, एवढंच सांगते.
ज्यांना बोट मिळते, ते काहीच बोलत नाहीत.
सुटे पैसे मोजून घेतात आणि जातात.
चुकलेले मात्र परत खिडकीशी येतात,
आधी माझ्यावर चिडतात, मग घड्याळावर,
मग दीड तास काढायचा कसा, म्हणून
हळूहळू
बोलू लागतात.

एकदा एकजण लग्नाचा केक धरून उभा,
क्रीम मनगटावरून ओघळत चाललेलं.
"बरंच झालं," म्हणाला,
आणि चाकू मागून मला एक तुकडा कापून दिला.
त्या तुकड्यावर मी तीनशे पानं काढली.
तो नवरा होता की आणखी कुणी, विचारलं नाही.
विचारलं असतं तर दहा ओळींत संपलं असतं.

लिहिते पहाटे, साडेचार ते सहा,
रद्द तिकिटांच्या पाठीवर.
काळा पाव असतो. चहा असतो, तो निवतो.
उर्मास म्हणायचा, पुरे गं लाइदा, डोळे जातील.
तो गेला. डोळे आहेत.

कडक हिवाळ्यात समुद्र गोठला
की बर्फावरूनच रस्ता आखतात.
तिथे गाडीत पट्टा बांधायचा नाही,
आणि मध्येच थांबायचं तर मुळीच नाही.
थांबलं की बर्फाला आपलं वजन कळतं.
पहिला खर्डा मी असाच हाकते,
मागे तडकल्याचे आवाज येतात, येऊ देते.

पण लिहितेस कशासाठी, असंही विचारतात.
तेव्हा मी काचेवरचं वेळापत्रक पुसते.
पुढची बोट सव्वासातला आहे, म्हणते.
बसा ना तोवर.