बारा पॉइंट

बत्तीस वर्षं मी शास्त्र उलटं वाचलं.
नाना पेठेतल्या छापखान्यात, खिडकीजवळच्या केसपाशी,
शिशाचे खिळे चिमटीत धरून
पाय वर, डोकं खाली
अशी वचनं स्टिकमध्ये रचत गेलो.
बोटांना सगळं पाठ होतं.
'त्र'चा खण कुठला, 'ज्ञ'चा कुठला,
झोपेतही सांगितलं असतं.
रविवारी देवळात पाळक उताऱ्याचा अर्थ उलगडत
आणि मी मनात मोजत बसे
ओळीला किती खिळे लागले असतील.

आईनं नाव ठेवलं शलमोन,
शहाण्या राजाचं.
धाकट्याचं शांतवन.
ती गेली तेव्हा आम्ही दोघं
तिच्या शिलाई मशीनवरून भांडलो.
मशीन मी आणलं, हातगाडीवर घालून, भर दुपारी.
घरात कुणाला शिवता येत नव्हतं.
मग नऊ वर्षं तो देवळात डावीकडे बसे, मी उजवीकडे,
आणि एकाच आमेनला दोघांचे आवाज
मधल्या वाटेवर एकमेकांना चुकवून जात.

उपवासकाळाची प्रार्थनापुस्तिका आली होती छापायला.
ओहोळमास्तरांनी प्रूफ माझ्यापुढे टाकलं.
'क्ष' संपले होते. काही झिजलेले, काहींचा कान तुटलेला.
रिवाजाप्रमाणे मी त्या जागी दुसरेच खिळे पालथे घातले होते,
म्हणजे पानभर
जिथं क्षमा असायची
तिथं काळे चौकोनी डाग, आणि पुढं नुसती 'मा'.
मास्तरांनी लाल शाईनं चार गोल काढले.
म्हणाले, "शनिवारपर्यंत हवंय. बुधवारातून माग."
बुधवारात म्हणजे शांतवनच्या छापखान्यात.
हे मास्तरांना ठाऊक होतं की नव्हतं,
मी कधी विचारलं नाही.

सायकल काढली.
लक्ष्मी रोडला चेन दोनदा पडली,
दोन्ही वेळा मला बरं वाटलं.
माणूस देवाकडं काय काय मागतो!
मी मागत होतो की तो आज रजेवर असू दे.

नव्हता.
चष्मा लागला होता त्याला.
मी दारातूनच म्हणालो, "'क्ष' हवेत. चार."
त्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली.
"बारा पॉइंट?"
नऊ वर्षांनंतरचे दोन शब्द.
"बारा."
खणात बोटं घालून त्यानं खिळे काढले,
जुन्या पेपरच्या तुकड्यात बांधले.
"मोजून घे."
मी मोजले. सात.
"चारच हवेत."
"असू देत," तो म्हणाला, "लागतील."

गळ्यात वगैरे पडलो नाही आम्ही.
पुढच्या रविवारीही मी उजवीकडेच बसलो.
पण पाळक बोलत होते तेव्हा
पहिल्यांदाच खिळे मोजायचे राहून गेले.
मशीन परत द्यायला आणखी दीड वर्ष लागलं.
त्याच्या सुवार्तानं त्यावर स्वतःच्या बाळाचं
बाप्तिस्म्याचं झबलं शिवलं.
गळा जरा वाकडा बसला होता.

छापखाना बंद पडला तेव्हा
अक्षरं जुन्या बाजारात किलोवर गेली,
शुभवर्तमान आणि लग्नपत्रिका एकाच पोत्यात.
सात 'क्ष' मी खिशात घालून आणले.
उसने होते, परत करायचे होते.
शांतवन हसला. "माझा छापखाना तरी कुठं उरलाय?"
मागच्या पावसाळ्यात तो गेला.

आता भिंगाखाली ओळ धरतो.
पाय खाली, डोकं वर, जशी लिहिली तशी.
लोकांना वाटतं, म्हातारा अक्षर न् अक्षर जाणतो.
खरं सांगू, दिवसाला एक ओळ होते,
कधी तीही नाही.
कालचा अख्खा दिवस एकाच शब्दावर गेला.
नात म्हणाली, "आजोबा, पान उलटा ना."
म्हटलं, थांब.
सुलट वाचायला
मला अजून वेळ लागतो.