पस्तीस अंश

बाहेर शेहेचाळीस पूर्णांक चार.
बुटीबोरीच्या रस्त्यावरचं डांबर
चपला धरून ठेवतंय,
आणि आत, तीन नंबरच्या रिअॅक्टरमध्ये,
काचेच्या अस्तराआड
पस्तीस अंशांवर
कोणीतरी काम करतंय.

कोणीतरी म्हणू नये, ते जिवंत नाही.
विरजणही म्हणू नये.
विरजण वाढतं, उद्यासाठी वाटीत उरतं.
ही नुसती एक घडी,
लांब दोऱ्याने स्वतःभोवती घातलेली,
आणि घडीत एक खाच
एकाच रेणूच्या मापाची.

तुळशीराम कुंभारे इथे अठरा वर्षं
हायड्रोजन सांभाळत होते.
साठ बारचा दाब, दीड हात जाड भिंत,
पॅलेडियमची काळी भुकटी.
अर्धा माल उजवा निघायचा, अर्धा डावा.
डावा टाकून द्यायचा.

"हे तं आवाजच नाही करत," ते म्हणाले,
"भरवसा कसा ठेवावा मॅडम?"
मी रबरी हातमोज्यांचं खोकं पुढे केलं.
डावा मोजा उजव्या हातात घाला.
त्यांनी घालून पाहिला, ओढला, पुन्हा ओढला.
"समजलं. हे पाहून घेते."

अडीच वाजता चिलर बसला.
छत्तीस. सदतीस. साडेअडतीस.
पन्नासच्या आसपास घडी उलगडते,
तव्यावर अंड्याचं पाणी पांढरं होतं तशी,
आणि मग कोणी कितीही गार करा,
पुन्हा पडत नाही.
मी फोन लावत होते. मेंटेनन्स उचलत नव्हतं.
तुळशीराम जागेवर नव्हते.

मग दिसले,
गेटवरच्या रसवंतीची हातगाडी ढकलत.
गोणपाटात बर्फाच्या लाद्या,
भुसा अजून चिकटलेला.
एकेक लादी जॅकेटच्या टाकीत.
एक्केचाळीस.
एक्केचाळीस.
बराच वेळ एक्केचाळीस.
चाळीस.

रात्री नमुना लावला.
आलेखावर एकच शिखर.
डाव्याच्या जागी सपाट रेघ,
इतकी सपाट की मी यंत्र पुन्हा तपासलं.

डेव्हिएशनच्या फॉर्मवर लिहिलं:
बर्फ, अकरा लाद्या.
कारण लिहिलं, वेळ लिहिली.
कागदावर समीकरण काढताना
एंझाइमचं नाव बाणाच्या वर येतं,
ना या बाजूला, ना त्या.
सकाळी ते गाळून, उकळून, निकामी करून
सांडपाण्याच्या प्लांटकडे जाईल.

तुळशीराम भुसा झाडत होते.
"रसवंतीवाल्याचे साडेपाचशे द्यायचेत," म्हणाले,
"कोणत्या खात्यात टाकू?"