मुदतवाढ

सेंट्रल लायब्ररीच्या काचेच्या जमिनीखाली उभं राहिलं
की वरच्या मजल्यावर चालणाऱ्याचे तळवे दिसतात, धूसर.
तिथून आणली ही कादंबरी :
सहाशे बारा पानं, चार भावंडं,
आणि पान एकेचाळीसवर कुणाच्या तरी हळदीचं बोट.

आधीच सांगते, मला ती फारशी आवडली नाही.
लेखिकेला प्रत्येक संध्याकाळ सुंदरच लागते.
आणि धाकटी, जी बोलताना अडखळायची,
ती लग्न होऊन नाशिकला गेली ती गेलीच,
पुढं दीडशे पानं तिचं साधं पत्र नाही.
समासात कुणी पेन्सिलीनं विचारलंय, हिचं काय झालं?
असं कुठं असतं, मीही म्हटलं,
मग आठवलं,
निरूला शेवटचा फोन मी नागपंचमीला केला होता.
निरू भरूचला असते. इथून दीड तास.

पण तो एक प्रसंग.
आईचं तेरावं झाल्यावर दोघं भाऊ भांडी वाटून घेतात.
आवाज चढत नाही. एकजण पातेलं उचलतो,
दुसरा त्याचं झाकण आपल्या पिशवीत टाकतो,
आणि दोघांनाही ते दिसतं.
बास. पुढचा परिच्छेद गाडीच्या वेळापत्रकाचा.
शटल रिक्षात वाचत होते,
न्यायमंदिर मागं पडलं, सूरसागर मागं पडला,
उतरायचं राहून गेलं.

आमच्याकडं वाटणी अशी झालीच नाही.
अच्युत म्हणाला, ताई, तुला हवं ते घे.
इतकं सोपं केलं त्यानं की मला सुचेना.
मी शिवणयंत्र म्हणाले.
मला शिवता येत नाही.
त्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात.

शेवट तर खोटाच वाटला :
चौघं एका बाकावर, एकाच गोष्टीला हसतायत.
एवढी रजा एकदम कुणाला मिळते?
तरी ते पान मी दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदा जरा सावकाश.

काउंटरवर हसुमतीबेन म्हणाल्या, केवी छे? सारी?
लांब आहे, म्हटलं.
मग जमा करू?
नको, पंधरा दिवस वाढवून द्या.
त्यांनी चष्मा वर सरकवून शिक्का मारला.
तारीख वाकडी पडली,
भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची.