हयातीचा दाखला

स्रवंती सात रस्त्याच्या स्किन क्लिनिकात काउंटरवर बसते.
मुदत संपायला आलेली बाटली
तिला निम्म्या भावात मिळाली, तीही पगारातून कापून.
ड्रॉपरची. आत निळं पाणी.
मी म्हटलं, हे तर रंगखान्यातलं,
तुझे नान्ना हौदावरून यायचे
तेव्हा कोपरापर्यंत असेच असायचे.
"तांबं आहे म्हणून निळं, अम्मा.
आणि पेप्टाइडं. तीन जातींची, एकत्र केलेली."

पेप्टाइड म्हणजे काय, तर तुकडा.
कातडीच्या आत म्हणे जाळं असतं विणलेलं,
वय झालं की उसवतं,
मग हे बारीक तुकडे आत जाऊन निरोप देतात:
उसवलंय, बसा विणायला.
खरंखोटं कंपनीला ठाऊक.
पण माझ्या बापाचे दोन माग होते पत्र्याखाली.
धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची,
एवढं मला पटायला वेळ लागला नाही.

"रात्री तोंड धुवून तीन थेंब. चोळायचं नाही हां,
टेकवायचं. अनामिकेनं.
त्या बोटाला जोर कमी असतो."

असणारच. चाळीस वर्षं विड्या वळल्या,
अंगठा पान दाबायचा, तर्जनी गुंडाळायची,
मधलं बोट तोंड मोडायचं,
अनामिका आपली बाजूला उभी, लग्नातल्या पाहुणीसारखी.
दिवसाला हजार.
त्यातल्या पन्नास चेकर छाट म्हणून काढायचा
आणि ठेवून घ्यायचा.
अनामिकेला काम एकच होतं, सकाळचं कुंकू.
नरसय्या गेल्यापासून तेही नाही.

सहा रात्री तोंडाला लावलं.
सातव्या रात्री तिन्ही थेंब उजव्या अंगठ्यावर सोडले.

कारण सांगते.
गेल्या नोव्हेंबरात पेन्शनच्या खिडकीवर
यंत्रानं मला ओळखलं नाही.
अंगठा पदराला पुसला, लिंबानं घासला,
एकीनं सांगितलं म्हणून खोबरेल लावलं.
पोरगा म्हणाला, "रेषाच नाहीत मावशी, गुळगुळीत झालाय."
विडी घरकुलातून चार खेपा, शेअर रिक्षानं.
अकराशे रुपये महिना, पाच महिने बंद.
मी समोर उभी, घाम पुसतेय, पोराशी भांडतेय,
आणि कागदावर माझ्या हयातीचा पुरावा नाही.

म्हणून म्हटलं, कातडीला निरोप धाडायचाच
तर कामाच्या जागी धाडावा.
गालांना कोण विचारतंय, कुठल्या खिडकीवर?

मग रोज रात्री भांडी झाल्यावर
अंगठ्याच्या टोकाला त्याच हाताची अनामिका टेकवून
बसायचे, मनात शंभर मोजत.
शेजारची भूदेवी म्हणाली, ध्यानाला लागलीस काय की!
हो म्हटलं.
स्रवंतीला सांगितलं नाही. तिला वाटायचं,
अम्मा साठीत तोंड उजळायला लागली,
आणि त्याचं तिला बरंच वाटत होतं.

यंदा खिडकीवर पोरगा नवा.
अंगठा ठेवला. लाल.
पुन्हा. लाल.
"दुसरं बोट बघू."
तर्जनी लाल. मधलं लाल.
मागं रांगेत कुणीतरी उसासा टाकला.
मग अनामिका ठेवली.
टुंक वाजलं, हिरवा दिवा,
पडद्यावर मराठीत, काना-मात्रा चुकवून का होईना,
गुर्रम राजमणी नरसय्या.

अंगठा अजून तसाच आहे, चमच्याच्या पाठीसारखा.
बोट औषधानं वाचलं, की कधी झिजलंच नव्हतं,
कुणाला विचारू?

बाहेर पायरीवर भूदेवी बसली होती,
तिचा नंबर दुपारनंतरचा, हात मांडीवर उताणे.
मी पिशवीतून बाटली काढली.
तळाला दोनेक थेंब असतील.
"गुण येतो?" तिनं विचारलं.
कंपनीला ठाऊक, म्हटलं. बोट आण इकडं.
चोळू नकोस.
टेकव नुसतं.