टर्बट

पहाटे चार दहाला खोका आला,
बोरघाट चढून, बर्फ अजून धड.
कोरेगाव पार्कात आमच्या मागच्या दाराशी
ड्रायव्हरने सही घेतली आणि विचारलं,
"काय आहे रे यात, एवढं जपून आणायला?"
चलनावर कोणी लिहिलं होतं : टर्बो, १ नग.

झाकण काढलं.
ताटाएवढा. नाही, परातीएवढा.
पाठ अशी, की ओल्या डांबरावर खडी टाकली
आणि रोलर फिरवायचा राहून गेला.
खवले नाहीत. तोंड वाकडं.
दोन्ही डोळे डाव्या गालावर,
आणि ते दोघेही माझ्याकडे नाही,
नळाकडे बघत होते.

हर्णैला याचा एक गरीब नातलग असतो, लेपा.
लिलावात त्याच्यावर बोली लागत नाही,
सुरमई घेणाऱ्याच्या टोपलीत तो वरून पडतो.
आई त्याचं कातडं शेपटाकडून ओढायची,
पायातला ओला मोजा काढावा तसं.
म्हणायची, जन्मला तेव्हा सरळ होता,
एक डोळा इकडे, एक तिकडे, चारचौघांसारखा.
मग दर्याने दिली एक थोबाडीत.
हॉटेल मॅनेजमेंटला आल्यावर कळलं, खरंच आहे हे,
थोबाडीत सोडून.
पिल्लू वाढताना डोळा सरकतो,
डोक्यावरून वाट काढत पलीकडे जातो.
दुखतं का, ते पुस्तकात नव्हतं.

दुपारी टेबल सहा. आठल्ये, वय एक्क्याऐंशी, सोबत नात.
अख्खा भाजलेला मासा मी ढकलगाडीवरून नेला,
सुरी कण्यावर टेकवली, आणि नात सांगत होती :
पंचाहत्तर साली कंपनीने पाठवलं,
पिंपरीहून ब्रेमेनला, कॉम्प्रेसर शिकायला, सहा महिने.
"साडेपाच," म्हातारबुवा म्हणाले.
घरमालकीण होती एक. रविवार होता.
चार वाजताच खिडकीबाहेर अंधार,
ताटात हा, आणि त्यांनी खाल्ला.
परतल्यावर सांगायचं ठरवलं होतं बायकोला.
मग मुलाची मुंज निघाली,
मग सासूबाई राहायला आल्या त्या अकरा वर्षं,
मग सांगण्यासारखं त्यात काही उरलं नाही.
तिने पोस्टाने लोणच्याची बरणी धाडली होती तिकडे.
फुटून पोहोचली. तेही नाही सांगितलं.
ती गेली त्याला तीन वर्षं झाली,
पाव, लोणी, बटाट्यांवर नवऱ्याने दिवस काढले
असं शेवटपर्यंत समजून.

"थांबा," ते मला म्हणाले. "आधी खालची बाजू दाखवा."

असं कोणी मागत नाही.
दोन उलथनी घालून मी तो पालथा केला.
पांढरा. सपाट. ना खडी, ना डोळा,
कोणी न वापरलेल्या वहीसारखा.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला,
"हं," म्हणाले, आणि ताट पुढे केलं.

नातीने विचारलं, "तोच का, आबा?"
"चव कोणाला आठवते?
तेव्हा भूक होती."
पण खात राहिले. हाताने. काटा बाजूला ठेवून.
कडेच्या बारीक हाडांतलंसुद्धा सोडलं नाही.

मग माझ्याकडे वळून, गाव कोणतं?
हर्णै.
तुमच्यात काय म्हणतात याला?
लेपा, म्हटलं. हा नाही, पण याच्यातलाच.
"लेपा," ते म्हणाले. थांबून परत, "लेपा."
तिकडे जर्मन शब्द असेच घोकले असतील.

डोकं आत गेलं. गाल मी उभ्याउभ्या खाल्ले,
ती सगळ्यात चांगली जागा, आणि ती गिऱ्हाइकाला ठाऊक नसते.
खरं सांगू, लेप्याहून फार लांबचे नव्हते.
बिल साडेनऊ हजार, नातीने कार्डावर दिलं.

मी टेबल आवरायला गेलो तेव्हा
ते दाराशी पोहोचले होते,
उजवा हात खिशात, डावा नातीच्या खांद्यावर.
नातीच्या वाटीत लिंबाची फोड पिळलेली.
त्यांची वाटी तशीच,
पाणी कोमट, नितळ,
फोड वर तरंगत.