पायरी

बाबांना इथून हलवायचं की नाही
हे ठरवायला मी शुक्रवारी बाल्टिमोरला आले.
सोबत वही. वहीत दोन रकाने.

पहिला पटापट भरला:
कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात आता कॉफी मिळते,
फळ्या ठोकलेली सात घरं होती, दोनच उरलीत,
रस्त्यावरचे सगळे दिवे लागतात,
गेल्या उन्हाळ्यापासून गोळीचा आवाज नाही.
"एकदा आला होता," बाबा म्हणाले, "पण फटाका असेल."

फटाका असेल.
हे आमच्या घरातलं जुनं वाक्य.
आई ते म्हणत म्हणत
आम्हा तिघांना बाथटबमध्ये झोपवायची,
वर रजई टाकून, नळाकडे पाय करून.

दुसरा रकाना कोरा.

सकाळी बाबा गुडघ्यांवर बसून
प्युमिसच्या दगडानं दारातल्या पायऱ्या घासत होते.
संगमरवराच्या तीन पायऱ्या. वय एकोणऐंशी.
फळवाल्याची घोडागाडी घंटा वाजवत आली
आणि आमच्या ओळीपुढून न थांबता गेली.
"हल्ली कुणी उतरत नाही खाली," बाबा म्हणाले,
"सगळ्यांचं सामान खोक्यांतून येतं."

मिस ओडेसा होत्या तेव्हा
आठ वाजून गेले आणि आमची पायरी ओली दिसली नाही
की त्या काठीनं दार ठोठवायच्या.
आई गेली त्या वर्षी त्यांनी दोनदा ठोठवलं,
आणि दुसऱ्या वेळी बाबा खरोखरच जमिनीवर पडलेले होते.
मग घरपट्टी दुप्पट झाली.
मिस ओडेसा भाचीकडे गेल्या, कॅरोलायनात.
काठी आमच्याकडे विसरल्या. की ठेवून गेल्या.

संध्याकाळी त्यांच्याच दारातून एक मुलगी बाहेर आली,
काखेत बाळ, पायात दोन वेगवेगळे मोजे.
"तुम्ही इथल्याच का?" तिनं विचारलं.
"खरं सांगाल? सुरक्षित आहे ना इथं?
म्हणजे, हिला घेऊन राहण्याइतकं?"
आणि मी वहीतला पहिला रकाना म्हणून दाखवणार
एवढ्यात तिनं फोन पुढे केला.

पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं. राखाडी उजेड.
पायजम्यावर कोट घातलेला एक म्हातारा
तिच्या पायरीवर बसलाय. ओठ हलतात.
मधेच थांबतो, ऐकतो, मान हलवतो,
पुन्हा बोलतो. हसतो.
मग पायरीवरून हात फिरवून
बोटांना लागलेली धूळ बघतो.

"चार वेळा आलाय," ती म्हणाली.
"नवरा म्हणतो, पोलिसांना कळवू.
मी म्हटलं, आधी कुणाला तरी विचारू."

आधी कुणाला तरी विचारू.
एवढ्याशा वाक्याच्या आडोशाला
चार रात्री बाबा बसलेले.

पायरी ओळखून राहा, आई शिकवायची,
पोलिस दिसले की हात खिशाबाहेर, आवाज खाली.
पायरी ओळखूनच तर बसले होते ते.
बावन्न वर्षांची ओळख.

"माझे वडील," मी म्हटलं. "एल्रॉय गेदर. पलीकडचं घर."
तिचे कान लाल झाले.
तिनं नाव म्हणून पाहिलं, पहिल्यांदा चुकलं.
मग बराच वेळ बाळाची टोपी सारखी करत राहिली
आणि म्हणाली, "थंडी नाही वाजत त्यांना?"
मला उत्तर आलं नाही.
मी तर फक्त दिव्यांचे खांब मोजले होते.

रात्री जुन्या खोलीत जागीच पडून होते.
वही गाडीत राहिली होती.
तीनला कडी वाजली.
मी खिडकीशी गेले. उठून अडवायला हवं होतं,
नाही अडवलं.

बाबा मिस ओडेसाच्या पायरीवर बसले,
शेजारी जागा सोडून.
वरच्या मजल्यावर दिवा लागला. पडदा सरकला.
मी श्वास धरून सायरनची वाट पाहिली,
शंभरपर्यंत मोजलं, पुन्हा एकपासून मोजलं.

दिवा तसाच राहिला,
बाबांना पायरी दिसेल इतपत.